एक बादली, बावीस गाड्या

आमच्या सोसायटीत पहाटे साडेपाचला एक मुलगा येतो. हातात एक बादली, खांद्यावर एक फडकं. सव्वासातला तो निघून जातो तेव्हा पार्किंगमधल्या बावीस गाड्यांचे वायपर उभे केलेले असतात. उभा वायपर ही पावती. गाडी पुसली गेली, महिन्याचे पाचशे रुपये सत्कारणी लागले. मालक मंडळी आठच्या सुमाराला चहाचा कप घेऊन बाल्कनीत येतात, वरूनच आपापला वायपर बघतात आणि आत जातात. खाली उतरून गाडीजवळ जाण्याची तसदी कोणी घेत नाही.

मी घेतली, तीही चुकून. रात्री पेट्रोल भरायला थांबलो होतो. पंपाच्या छताचे पांढरेफटक दिवे बोनेटवर पडले होते आणि प्रत्येक दिव्याभोवती बारीक ओरखड्यांचं गोल जाळं उमटलं होतं, कोळ्याने रात्रपाळी करून विणल्यासारखं. माझी गाडी गडद निळी, २०१६ची. कधी ठोकलेली नाही, भिंतीला घासलेली नाही. तिला मी अगदी नेमाने, दरमहा पाचशे रुपये मोजून, रोज सकाळी खरवडून घेत होतो.

ते जाळं खरं म्हणजे गोल नसतंच. ओरखडे सगळ्या दिशांनी असतात. उजेडाला जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ दिसतं. गाडी दोन फूट पुढे घ्या, जाळंही सरकतं. याचा अर्थ, जिथे ते दिसत नाही तिथेही ते आहेच. हे डोक्यात आल्यावर मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. घरात यावरून माझी जी टिंगल झाली ती इथे सांगत नाही.

आता जरा हिशेब करा. बादलीत पंधरा लिटर पाणी. गाड्या बावीस. पहिल्या गाडीला पाणी मिळतं, सहाव्या गाडीला गढूळ पाणी मिळतं आणि पंधराव्या गाडीच्या पुढे जे मिळतं त्याला पातळ चिखल म्हणतात. माझी गाडी एकोणिसावी. पावणेदोन तासांत बावीस म्हणजे एका गाडीला पाच मिनिटंही नाहीत. तेवढ्या वेळात माणूस काय करणार? ओलं फडकं पिळणार, टपापासून डिकीपर्यंत गोल गोल फिरवणार आणि वायपर उभा करून पुढे जाणार.

त्या फडक्याखाली काय असतं तेही बघू. आमच्या शेजारच्या प्लॉटवर तीन वर्षं टॉवर उठतो आहे. हल्ली बांधकामाला नदीची वाळू कुठे मिळते? क्रश सँड आणतात, म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड क्रशरमध्ये फोडून, दळून केलेली वाळू. नदीतली वाळू वाहून वाहून गोटीसारखी झालेली असते. ही ताजी फुटलेली, कणाकणाला धार. तिची भुकटी रात्रभर उडते आणि आमच्या टपांवर येऊन बसते. सकाळी तिच्यावर फडकं फिरतं. सुतार लाकडावर हेच करतो, तेव्हा त्याला पॉलिश पेपर मारणं म्हणतात. आणि सुतार ते रोज करत नाही.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. चमक म्हणून जी काय आपल्याला दिसते ती त्याची. त्याची जाडी साधारण ४० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. ज्यांच्या डोक्यावर अजून आहेत त्यांनी एक उपटून बघावा. प्राइमर, रंग, क्लिअर कोट असं सगळं मिळून पत्र्यावर चढलेला थर शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या घरात. सात-आठ लाखांची गाडी घ्यायची, तिचं नशीब अर्ध्या केसावर ठेवायचं आणि त्या अर्ध्या केसावर वर्षातून तीनशे वेळा दगडाची भुकटी घासायची, याला आपण स्वच्छता म्हणतो.

एक दिवस मी त्या मुलाला गाठलं. म्हटलं, "माझी गाडी रोज पुसू नकोस. आठवड्यातून एकदा भरपूर पाणी घालून धू. पैसे तेवढेच देईन."

बादली खाली ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, धूळ दिसली की लोक म्हणतात आज आलाच नाहीस. वायपर खाली दिसला तर खाडा धरतात. आणि पाणी कुठनं आणू? नळाला कुलूप असतं. वॉचमनकाका एकच बादली देतात."

वॉचमन एकच बादली देतो, कारण कमिटीचा तसा ठराव आहे. पाण्याची बचत. तो ठराव झाला त्या सभेत मीही हात वर केला होता. वर नंतर चिवडा खाल्ला होता.

तेव्हा त्या मुलाला कोणी दोष देऊ नये. त्याला आपण गाड्या स्वच्छ करायला ठेवलेलंच नाही. गाड्या स्वच्छ दिसतील एवढं बघायला ठेवलं आहे, आणि ते काम तो चोख करतो.

मग मी स्वतः धुवायला लागलो. हा लेख लिहावासा वाटला तो त्यानंतर जे ऐकलं त्यामुळे. पहिल्या रविवारी बर्म्युडा घालून, दोन बादल्या घेऊन लिफ्टमध्ये शिरलो तर एकाने विचारलं, "पोरगा सोडून गेला वाटतं?" पार्किंगमध्ये दुसऱ्याने आवाज खाली आणून विचारलं, "बाकी सगळं ठीक ना?" ही चौकशी माझ्या नोकरीची होती. दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा हिला फोन आला की त्यांच्याकडचा माणूस हुशार आहे, हवा असेल तर पाठवते. एका मध्यमवर्गीय माणसाने स्वतःच्या गाडीला स्वतःचा हात लावला, तर इमारतीला त्याची एवढी काळजी वाटली.

हीच माणसं जिमला महिन्याला दोन-अडीच हजार भरतात आणि आरशासमोर उभं राहून लोखंड वर-खाली करतात. पंधरा लिटरची बादली उचलायची म्हटली की पाठ धरते. गाडीला नाव ठेवतात, वाढदिवस साजरा करतात, तिच्यासोबत फोटो काढतात. तिला अंघोळ मात्र दुसऱ्याने घालायची.

आमचा एक भाचा न्यू जर्सीत आहे. दर उन्हाळ्यात त्याचा फॅमिली ग्रुपवर फोटो येतो: अर्धी चड्डी, हातात पाइप, गाडीवर फेसाचा डोंगर. खाली सगळ्या आत्या-मावश्यांचे अंगठे आणि बदाम. किती कष्टाळू हो पोरगं! तोच गेल्या डिसेंबरात पुण्याला आला. मी खाली बादली भरत होतो. टॅक्सीतून उतरता उतरता म्हणाला, "मामा, तुम्ही कशाला? माणूस नाही का?" माणूस! समोर मी उभा होतो, चांगला पाच फूट सात इंच, तरी त्याला माणूस दिसेना. आपल्या भाषेत 'माणूस ठेवणे' असा वाक्प्रयोग आहे आणि तो उच्चारताना आपल्याला जराही अडखळायला होत नाही. अटलांटिक ओलांडला की आपण श्रमाचे उपासक होतो, मुंबईच्या विमानतळावर उतरलो की ती उपासना कस्टमवाल्यांच्या स्वाधीन करतो.

हे पूर्वी असं नव्हतं, असं म्हणण्याचा मोह होतो. आमच्या वडिलांनी १९८९ साली जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, आमच्याकडे येईपर्यंत दोन घरं फिरून आलेली. रविवारी सकाळी बाबा गंजीफ्रॉकात खाली उतरायचे आणि दीड तास तिच्याभोवती असायचे. तेव्हा त्यांना कोणी नोकरीबद्दल विचारलं नाही. पण म्हणून बाबांचं सगळं बरोबर होतं असंही नाही. ते कपड्याच्या साबणाच्या चुऱ्याने गाडी धूत, डांबराचे डाग रॉकेलने काढत आणि पॉलिश करताना फडक्याला रंग लागला की "मळ निघाला बघ" म्हणून मला दाखवत. तो मळ नव्हता, तो गाडीचा रंग होता. त्या गाडीवर क्लिअर कोट नव्हता. घासलं की खुद्द रंगच फडक्यावर यायचा. थर जाड होता म्हणून बाबांचं प्रेम तिने अकरा वर्षं सोसलं. आजच्या गाडीला ते तीन वर्षांतच जड जाईल.

दुसरं टोक तर याहून वाईट. जाळं दिसल्यावर घाबरून मी एका डिटेलिंग स्टुडिओत गेलो होतो. स्टुडिओ हा शब्द लक्षात घ्या. पूर्वी तिथे लग्न ठरवायचे फोटो काढत. आता गाड्या झोपवतात. काळा टी-शर्ट घातलेल्या एका तरुणाने बोनेटवर बॅटरी मारली आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसं "च्च" केलं. "सर, पेंटची कंडिशन क्रिटिकल आहे." उपाय: सिरॅमिक कोटिंग, नाइन-एच, पाच वर्षांची वॉरंटी, सव्वीस हजार, जीएसटी वेगळा. शिवाय दरवर्षी मेंटेनन्सला आणायची, त्याचे वेगळे. नाही आणली तर वॉरंटी गेली. मी विचारलं, हे नाइन-एच म्हणजे काय? "हार्डनेस सर. डायमंड टेन असतो, हे नाइन."

इथे थोडं थांबतो, कारण या एका वाक्यावर किती तरी घरांतले बोनस गेले असतील. हिरा दहा असतो तो मोहस नावाच्या मोजपट्टीवर. नाइन-एच ही त्या पट्टीवरची जागाच नाही. ती पेन्सिल आहे. तीच, शाळेतली. आपण लिहितो ती एचबी, इंजिनिअरिंग ड्रॉइंगला टू-एच, आणि चढत चढत सगळ्यात कडक ती नाइन-एच. रंगाच्या कारखान्यात एक साधी चाचणी करतात: वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली रंगावरून ढकलायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघायचं. नाइन-एच म्हणजे सगळ्यात कडक पेन्सिलीलाही चरा पाडता आला नाही, एवढंच. पेन्सिलीला! आमच्या शेजारच्या टॉवरमधून पेन्सिली उडत नाहीत.

सिरॅमिक ही थाप नाही, हेही सांगून टाकतो. ते सिलिकाचं कोटिंग असतं, नीट बसवलं तर पाणी मोत्यासारखं घरंगळतं, मेणापेक्षा कितीतरी जास्त टिकतं, धुणं सोपं होतं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने खुशाल करावं. पण सव्वीस हजारांचं कोटिंग करून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तीच बादली आणि तेच फडकं गाडीवर फिरणार असेल तर ते कोटिंग नव्हे, देणगी. आणि हे त्या काळ्या टी-शर्टवाल्याने मला एकदाही सांगितलं नाही. त्याने विचारायला हवं होतं: रोज कोण पुसतं, कशाने पुसतं? डॉक्टरसारखं "च्च" करणाऱ्याने पथ्य नको सांगायला?

याच्याही आधी, गाडी नवी घेतली तेव्हा, शोरूमवाल्यांनी टेफ्लॉन कोटिंग म्हणून साडेचार हजार घेतले होते. मी दिले. तव्यावर डोसा चिकटत नाही, तशी गाडीला घाण चिकटणार नाही, असा तो युक्तिवाद होता. तव्यावर टेफ्लॉन बसतं ते भट्टीत. त्याचा वितळणबिंदूच ३२७ अंश सेल्सियस आहे. बोनेटला एवढी उष्णता दिली तर रंग, रबर, वायरी सगळ्यांचाच कोळसा होईल. मग शोरूमच्या मागच्या शेडमध्ये, टेबलफॅनच्या वाऱ्यात, दोन तासांत त्यांनी माझ्या गाडीला काय फासलं? माझ्या मते साधं पॉलिश. पावतीवर मात्र टेफ्लॉन आहे. पावती मी जपून ठेवली आहे.

हे दोन्ही नको असलेल्या काटकसरी माणसासाठी मग तिसरी फसवणूक तयारच असते: घरगुती उपाय. टूथपेस्टने ओरखडे घालवा. भांड्यांच्या लिक्विडने गाडी चमकवा. केसांच्या शांपूने धुवा. लिंबू चोळा. यातल्या टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यामुळे पिवळे पडलेले हेडलाइट तिने थोडे दिवस उजळतात हे खरं. पण बोनेटवर ती चोळणं म्हणजे किती खरखरीत आहे ते न विचारता पॉलिश पेपर मारणं. भांड्यांचं लिक्विड तूप-तेल काढायला बनवलेलं आहे. ते गाडीवरचं मेणही तेवढ्याच इमानदारीने काढतं. ज्या गाडीला कालच वॅक्स केलं ती आज विमबारच्या भावाने धुवायची, याला काटकसर म्हणणाऱ्याने पैसे सरळ गटारात टाकावेत, पाणी तरी वाचेल.

तर मग करायचं काय? मी काय करतो ते सांगतो. यात शोध काहीच नाही.

सकाळी साडेसहा, ऊन यायच्या आत. गाडी सावलीत, बोनेट थंड. तापलेल्या पत्र्यावर पाणी टाकलं की पुसायच्या आधी वाळतं आणि आमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे ठिपके होऊन बसतात. ते वाळून जुने झाले की व्हिनेगर पातळ करून पुसावे लागतात, तेव्हा आधीच सांभाळलेलं बरं. पहिली बादली नुसत्या पाण्याची: तांब्याने टपावरून ओतत यायचं, हात लावायचा नाही. मोठी धूळ आपली आपण वाहून जाऊ दे. सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं हीच, आणि सगळ्यात कंटाळवाणीही हीच. मग दुसरी बादली गाडीच्या शांपूची, तिसरी साध्या पाण्याची. मऊ हातमोजा शांपूत बुडवायचा, एक पॅनेल सरळ रेषेत पुसायचं, गोल नाही, आणि मोजा परत शांपूत घालायच्या आधी तिसऱ्या बादलीत खंगाळायचा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी तिसऱ्या बादलीच्या तळाशी हात घातला. बोटांना मूठभर रेती लागली, रवा चाळून खाली उरतो तशी. ती रेती इतकी वर्षं रोज माझ्या गाडीवरून फिरत होती.

वरून खाली यायचं, दाराचा खालचा भाग शेवटी, चाकांना वेगळं फडकं. चाकांचं फडकं बोनेटला लावणाऱ्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, संपादक छापणार नाहीत. कबुतरांनी केलेला प्रसाद आम्लधर्मी असतो, उन्हात तो क्लिअर कोटात उतरतो. त्याला नखाने खरवडायचं नाही, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून उचलायचं. शेवटी मोठं मायक्रोफायबर फडकं अंगावर पंचा टाकतात तसं टाकायचं आणि ओढून घ्यायचं. चोळायचं नाही.

आता पॉलिश आणि वॅक्स. हे दोन्ही एकच, असं समजणारे सुशिक्षित लोक मला रोज भेटतात. आमच्या लहानपणी कल्हईवाला दारावर यायचा तो आठवा. आधी तो पातेलं राखेने, वाळूने घासून लख्ख करायचा. मग तापवून, नवसागर मारून, कथलाचा हात फिरवायचा. पॉलिश म्हणजे ते घासणं, वॅक्स म्हणजे ती कल्हई. पॉलिश काढतं, वॅक्स चढवतं. ओरखडा पॉलिशने 'भरत' नाही. आजूबाजूचा थर त्याच्या पातळीपर्यंत खाली आणला जातो. म्हणजे दर पॉलिशला तुम्ही त्या अर्ध्या केसातला थोडा केस खर्च करता. कडांवर आणि घड्यांवर थर आधीच पातळ असतो, तिथे मशीन चालवणाऱ्या हौशी माणसाला प्राइमरचं दर्शन व्हायला वेळ लागत नाही. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही, त्याचा नाद सोडा. नऊ वर्षांत मी एकदाच पॉलिश केलं, हाताने, आणि जाळं निम्मं गेलं. उरलेलं निम्मं राहू दिलं. ते माझ्याच सहीचं आहे.

वॅक्स मात्र दर दोन-तीन महिन्यांनी. डबीवर कार्नुबा लिहिलेलं असतं. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाची पानं वाळवून, झोडपून हे मेण काढतात. ते कोकणातून आलं असतं तर आपण त्याला भाव दिला नसता. लावायच्या आधी धुतलेल्या बोनेटवरून, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून, बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला तर आधी क्ले बारने, भरपूर फेसाळ पाण्यावरून, तो साफ करावा लागतो. नाहीतर तुम्ही घाणीवर मेण लावून तिला मुरंबा करून ठेवता. मेण अगदी पातळ. लोक श्रीखंडासारखं थापतात, आणि मग ते वाळून बसलं की पुसता पुसत नाही म्हणून डबीला शिव्या देतात. धुरकट झालं की दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. काळ्या प्लॅस्टिकला लागू द्यायचं नाही, तिथे पांढरे डाग जन्मभर सोबत करतात.

खर्च? दुसरी-तिसरी बादली मिळून ३६०, हातमोजा २००, चार मायक्रोफायबर ४००, शांपू ३२०, वॅक्सची डबी ५५०. एकूण १,८३०. शांपू वर्षभर पुरला, वॅक्स अजून आहे. त्या मुलाला वर्षाला जे सहा हजार देतो ते मी अजूनही देतो. तो माझी काच आतून-बाहेरून पुसतो आणि चाकं धुतो, रंगाला हात लावत नाही. माझा वायपर उभा नसतो. त्यावरून बाल्कनीतून चौकशा होतात.

पाण्याचा मुद्दा कोणीतरी काढणारच, आणि तो काढायलाच हवा. ज्या वर्षी मी गाडी घेतली त्याच वर्षी, २०१६च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात शोरूमच्या मागे नव्या गाड्यांवर प्रेशरने पाणी मारलं जात होतं, हे मी पाहिलं आणि गप्प बसलो. २०२४च्या मार्चमध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार दंड, असा हुकूम निघाला. योग्यच होता. पाइप मोकळा सोडला की मिनिटाला दहा-बारा लिटर सहज जातात. फोन आला म्हणून पाइप तसाच जमिनीवर टाकून बोलत बसणारे आमच्याकडेही आहेत.

पण तीन बादल्या म्हणजे ४५ लिटर, आणि त्या मी पंधरा दिवसांतून एकदा वापरतो. दिवसाला तीन लिटर पडतात. संडासचा फ्लश एकदा ओढला तरी याहून जास्त जातं. मधले चौदा दिवस गाडीवर धूळ असते. असू दे. नुसती बसलेली धूळ ओरखडा काढत नाही, तिच्यावर फिरणारा हात काढतो. धुळीची गाडी ही लाजेची गोष्ट आहे, हे आपल्याला कोणी सांगितलं? ज्या शहरात फुटपाथवर चालता येत नाही, नदीकाठी नाक मोकळं ठेवता येत नाही, तिथे लाज वाटायला आपल्याला टपावरची धूळच सापडली.

दसऱ्याला हे सगळं एका दिवसात बघायला मिळतं. सकाळी एकाच बादलीत सगळ्या गाड्यांची सामुदायिक अंघोळ. मग ओल्या बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं, झेंडूची माळ तारेने बांधलेली, वरून चिकटपट्टी. माळ आठवडाभर तशीच. हायवेला ऐंशीच्या वेगाने तार पत्र्यावर तबला वाजवते. हळदीचा डाग उन्हाने हळूहळू उडतो, तारेचा उडत नाही. मी पूजेच्या विरुद्ध नाही. आमच्याकडेही होते, हार आरशाला दोऱ्याने बांधतो, कुंकू काचेवर लावतो. गाडीची पूजा करायची आणि तिची कातडी सोलायची, या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी करू नयेत एवढंच म्हणणं.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. मी लेखी ठराव दिला आहे: गाड्यांचं रोजचं पुसणं बंद; दर गाडीला पंधरवड्यातून एकदा तीन बादल्या; त्या मुलाचे महिन्याचे पाचशे कायम; आणि वायपर उभा आहे की नाही यावरून त्याचे पैसे कोणी कापायचे नाहीत. अनुमोदक अजून मिळालेला नाही.